बंगीपासून पार्सलपर्यंत: वजन-मापाच्या मर्यादा आल्या कुठून?

दिवाळीआधी पंधरा दिवस कुठल्याही मोठ्या पोस्टात जा, पार्सलच्या खिडकीपाशी एक टेप आणि एक वाद हमखास सापडतो. काही वर्षांपूर्वी त्या वादात मी होतो. भाच्याला बंगळूरला फराळ पाठवायचा होता. चिवडा, शेव, चकल्या आणि मध्ये कोंबलेले बेसनाचे लाडू. वजन भरलं सहा किलो. खिडकीतल्या बाईंनी वजन बघून मान डोलावली, मग टेप काढून खोका आडवा-उभा मोजला आणि परत सरकवला. "वजन ठीक आहे हो, खोका मोठा आहे. दहा सेंटिमीटर जास्त."

वजन कमी असताना खोका मोठा असला तर पोस्टाचं काय बिघडतं, हा प्रश्न तेव्हा पडला. उत्तर शोधायला गेलं की दीडशे वर्षं मागे जावं लागतं.

आधी तो नियम. रजिस्टर पार्सलसाठी बरीच वर्षं असं चाललं: लांबी एक मीटरपर्यंत, आणि लांबी अधिक घेर मिळून एक मीटर ऐंशी सेंटिमीटरच्या आत. घेर म्हणजे लांबीची बाजू सोडून खोक्याला कमरपट्ट्यासारखी टेप गुंडाळली की येणारं माप. माझा खोका ५० बाय ४० बाय ३०. घेर १४०, लांबी ५०, बेरीज १९०. या पद्धतीत गुणाकार नाही, घनफळ नाही. एक दोरी पुरते. लांबलचक काठी आणि ढब्बू खोका या दोन्ही अडचणींना एकाच आकड्यात बांधणारी ही युक्ती आहे, आणि ती आपली नाही. तिच्याकडे येऊच.

आपल्याकडे पार्सलला जुना शब्द होता बंगी. हिंदीतली बहंगी म्हणजे कावड: खांद्यावर बांबू, दोन्ही टोकांना टांगलेला बोजा. कंपनी सरकारच्या काळात पत्रांचे हरकारे वेगळे आणि बंगीवाले वेगळे. पत्रांची थैली पळत जायची, बंगी मागून सावकाश यायची. त्यामुळे वजनाची मर्यादा ठरवायला फार डोकं लावावं लागत नव्हतं. माणसाच्या खांद्याला पेलेल आणि घाटात बांबू वाकणार नाही, तेवढंच. टपालाने नेलेल्या पुडक्यालाच पुढे लोक बंगी म्हणू लागले. कावड गेली, शब्द राहिला. जुन्या मराठी लिखाणात पुस्तकांची बंगी आल्याचे उल्लेख भेटतात.

तेव्हा वजन म्हणजे थेट पैसा होता. १८३७ च्या कायद्यानंतर कलकत्त्याहून मुंबईला पत्र पाठवायला तोळ्याला एक रुपया पडे. आणि रुपयाचं नाणंच एक तोळ्याचं, १८० ग्रेनचं. म्हणजे तराजूच्या एका पारड्यात पत्र, दुसऱ्यात रुपया. काटा मधोमध आला की तोच रुपया हंशील, म्हणजे टपालखर्च. पत्राच्या भारंभार चांदी मोजायची! आपल्याकडे औषधाचा काढासुद्धा 'रुपयाभार' मोजत, तो याच नाण्यामुळे.

१८५४ साली डलहौसीच्या कारकिर्दीत सगळं बदललं. पाव तोळ्याच्या पत्राला अर्धा आणा, मग ते ठाण्याला जावो की पेशावरला. अंतर बाजूला पडलं, वजन उरलं. बंगीचा दर मात्र अंतरावरच राहिला, कारण जड ओझं दूर नेण्याचा खर्च कायद्याने कमी होत नाही. तो कमी केला आगगाडीने. मुंबई-ठाणे गाडी १८५३ ची; नंतर रूळ जसे पसरले तसं खांद्यावरचं ओझं डब्यात गेलं. १८७७ मध्ये व्हीपी आली: पोस्टमन पार्सल देताना पैसे घेणार आणि विकणाऱ्याला पोचवणार. गावात पुस्तकाचं दुकान नसलेल्या वाचकाला याचं काय मोल होतं, हे मागच्या पिढीतल्या कुणालाही विचारा.

पार्सलचे दर पुढे कित्येक वर्षं ४० तोळ्यांच्या टप्प्याने वाढत. ४० तोळे म्हणजे अर्धा शेर, सुमारे ४६६ ग्रॅम. तोळे जाऊन ग्रॅम आले तेव्हा तो टप्पा गोळाबेरीज होऊन ५०० ग्रॅमचा झाला. पहिल्या ५०० ग्रॅमला इतके आणि पुढच्या प्रत्येक ५०० ला तितके, या हिशोबाच्या पोटात जुना अर्धा शेर बसलेला आहे.

आता टेपची गोष्ट. तिच्यासाठी युरोपात जावं लागतं.

जर्मनीत टपालखातं घोडागाड्यांच्या काळापासूनच जड सामान नेत होतं. १८७४ मध्ये त्यांनी पाच किलोपर्यंतच्या पार्सलला जवळचा २५ आणि लांबचा ५० फेनिग असा सुटसुटीत दर केला. रेल्वेला टपालाचा डबा ओढणं भाग होतं, म्हणून हे परवडलं. इंग्लंडमध्ये रेल्वे कंपन्या खासगी, आणि पार्सलांचा धंदा त्यांच्या हातात. टपालखात्याने तो खावा, हे त्यांना कसं रुचणार? १८८० च्या नोव्हेंबरात पॅरिसमध्ये आंतरराष्ट्रीय पार्सलांचा करार झाला. मर्यादा तीन किलो. फ्रान्समध्ये तर टपालखात्याऐवजी रेल्वे कंपन्यांनीच ही पार्सलं वाहायला घेतली. इतके देश, इतक्या कंपन्या. सगळ्यांना पटेल असा आकडा लहानच निघणार होता.

ब्रिटिशांची पार्सल टपालसेवा १ ऑगस्ट १८८३ ला सुरू झाली. वजन सात पौंडांपर्यंत, म्हणजे सव्वातीन किलोच्या आत. रेल्वेने जाणाऱ्या पार्सलच्या टपालखर्चातले ५५ टक्के रेल्वे कंपन्यांना द्यायचे ठरले. तीन वर्षांत मर्यादा ११ पौंडांवर गेली. आणि माप? लांबी साडेतीन फूट, लांबी अधिक घेर सहा फूट.

सहा फूट म्हणजे १८३ सेंटिमीटर. माझा फराळाचा खोका ज्या १८० सेंटिमीटरला अडला, तो हाच आकडा आहे, असं मला वाटतं. मेट्रिकमध्ये आणताना तीन सेंटिमीटर झिजलेला. योगायोग म्हणायचं असेल तर म्हणा. पण १९१२ च्या अमेरिकन कायद्यातही ७२ इंचच आहेत, तेव्हा योगायोग जरा जास्तच झाला.

अमेरिकेची कहाणी थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण मर्यादा कुणाच्या सोयीने ठरते हे तिथे उघड दिसतं. देशातल्या देशात टपालाने फक्त चार पौंडांपर्यंतचं सामान जाई. परदेशी करारांमुळे बाहेरून आलेलं ११ पौंडांचं पार्सल मात्र तेच टपालखातं घरपोच करत होतं. म्हणजे युरोपातल्या माणसाला जे जमे, ते शेजारच्या गावातल्या शेतकऱ्याला जमत नव्हतं. त्याला वरचं वजन चार मोठ्या एक्स्प्रेस कंपन्यांकडे द्यावं लागे, त्या सांगतील त्या भावात. कायदा होऊन १ जानेवारी १९१३ ला पार्सल पोस्ट सुरू झाली तीही ११ पौंडांचीच. पण लोक इतके तुटून पडले की त्याच ऑगस्टमध्ये जवळच्या अंतरांसाठी २० पौंड झाले, आणि १९१४ च्या जानेवारीत ५०.

मर्यादा वाढली की लोक तिला टेकून उभे राहतात. ओहायोत १९१३ मध्येच एका जोडप्याने आपलं तान्हं बाळ टपालाने त्याच्या आजीकडे पाठवलं. वजन पावणेअकरा पौंड, म्हणजे तेव्हाच्या मर्यादेच्या पाव पौंड आत. तिकिटं १५ सेंटची, विमा ५० डॉलरचा. पुढच्या फेब्रुवारीत आयडाहोमधल्या मे पिअरस्टॉर्फ नावाच्या छोट्या मुलीच्या कोटाला ५३ सेंटची तिकिटं लावून तिला टपालाच्या डब्यातून आजीकडे धाडलं. तिकीट काढून गाडीत बसवण्यापेक्षा ते स्वस्त होतं. तिचं वजन साडेअठ्ठेचाळीस पौंड. मर्यादा ५०. दोन्ही आया-बापांनी नियम बारकाईने वाचला होता, एवढं नक्की. (पोस्टमन ओळखीतला होता, नातेवाईक सोबत होता, बाळ पेटीत घालून खिळे ठोकले नव्हते.) मग टपालखात्याला 'माणसं पाठवू नयेत' असं स्पष्ट सांगावं लागलं.

त्याहून मोठी गंमत १९१६ ची. यूटा राज्यातल्या व्हर्नल गावात बँकेची इमारत बांधायची होती, आणि चांगल्या विटा सॉल्ट लेक सिटीत. सरळ रेषेत अंतर सव्वाशे मैलांच्या आसपास, पण मालवाहतुकीचा दर विटांच्या किमतीच्या कितीतरी वर. बांधणाऱ्याने टपालाचं दरपत्रक वाचलं. हजारो विटा पन्नास-पन्नास पौंडांच्या पुडक्यांत बांधून टपालात टाकल्या. प्रत्येक पुडकं नियमात चोख. टपालाचा रस्ता वळसे घेत चारशे मैलांवर जाई. आधी मोठी गाडी, मग अरुंद रुळांची छोटी गाडी, शेवटी घोडागाड्या. वाटेतली पोस्टं विटांनी भरून गेली. शेवटी नियम निघाला: एका माणसाने एका माणसाला दिवसाला २०० पौंडांपेक्षा जास्त पाठवायचं नाही. इमारती टपालाने पाठवण्याचा आमचा इरादा नव्हता, असंही खात्याने कळवलं. बँक मात्र उभी राहिली.

म्हणून 'एका पार्सलचं कमाल वजन' हा नियम एकटा पुरत नाही. माल तोडून पाठवता येतो. तो नियम ओझ्याला नाही, ओझं उचलणाऱ्याला वाचवतो.

हे आजच्या आकड्यांतही दिसतं. जागतिक टपाल संघाच्या व्यवस्थेत पार्सल २० किलोपर्यंत साधारण सगळे देश घेतात. त्यावर ३० च्या आसपास जायचं की नाही, हे ज्याचं त्याने ठरवायचं. आपल्याकडे रजिस्टर पार्सल बरीच वर्षं २० किलोपर्यंत चाले, पण खेड्यातल्या शाखा डाकघरात १० च किलो. याचं कारण समजायला एखाद्या ग्रामीण डाकसेवकाची सायकल बघावी. स्पीड पोस्ट ३५ किलोपर्यंत जातं, आणि ३५ किलो एकट्याने उचलून टेबलावर ठेवणं म्हणजे काय, हे सिमेंटची ५० किलोची गोणी ज्याने कधी हलवली आहे त्याला सांगायला नको. अमेरिकेत १९९४ मध्ये यूपीएस या खासगी पार्सल कंपनीने आपली मर्यादा ७० पौंडांवरून १५० वर नेली तेव्हा कामगार संघटनेने एक दिवसाचा संप केला. पाठ कामगाराची होती, आकडा कंपनीचा.

अपवादही बघण्यासारखे आहेत. जागतिक टपाल संघाच्या नियमांत साधं पत्र वा छोटं पॅकेट दोन किलोपर्यंत, पुस्तकं पाच किलोपर्यंत, पण अंधांसाठीचं ब्रेल साहित्य सात किलोपर्यंत. ब्रेलचा कागद जाड आणि अक्षर उठावाचं, त्यामुळे डोळ्यांनी वाचायची एक कादंबरी बोटांनी वाचायची झाली की तिचे अनेक जाडजूड खंड होतात. हे ध्यानात ठेवून कुणीतरी नियम लिहिला, याचं मला कौतुक वाटतं.

विमान आलं आणि गणित पुन्हा फिरलं. कावडीला वजन सोसत नव्हतं, विमानाला बरेचदा जागा सोसत नाही. खोका हलका पण ऐसपैस असला तर पोट भरतं आणि पैसे येत नाहीत. म्हणून घनफळावरून काढलेलं वजन आलं: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची, सहसा ५००० ने भागायचं, आणि खरं वजन व हे वजन यांतलं जे जास्त त्याचे पैसे. माझाच खोका घ्या. ५० गुणिले ४० गुणिले ३० म्हणजे ६०,०००. भागिले ५००० म्हणजे १२ किलो. काट्यावर सहा. कुरिअरवाल्याने बारा किलोंचे पैसे लावले की घरातले चिडतात, पण तो चिवड्यातल्या हवेचं भाडं घेत असतो. लाडू त्या मानाने किफायतशीर. परदेशी फराळ पाठवणाऱ्यांनी चिवडा कमी करून लाडू-शंकरपाळे वाढवले तर हिशोब बरा बसतो, चव ज्याची त्याने बघावी.

आणि वजन-मापाच्या सगळ्या परीक्षा पास होऊनही पार्सल अडू शकतं. २०२५ च्या ऑगस्टअखेर अमेरिकेने स्वस्त मालावरची जकात-माफी काढली, तशी भारतीय टपालखात्याने तिकडची पार्सलं घेणं थांबवलं. पत्रं आणि १०० डॉलरपर्यंतच्या भेटी आधी सुटल्या होत्या, मग त्यांचंही बुकिंग काही काळ बंद होतं. सेवा पुन्हा सुरू झाली १५ ऑक्टोबरला, दिवाळीच्या अगदी तोंडावर. तिकडच्या लेकी-सुनांना त्या वर्षी फराळ उशिराच मिळाला असणार.

माझ्या खोक्याचं काय झालं? पोस्टाबाहेर मांजरपाट, दाभण आणि लाख घेऊन एक गृहस्थ बसले होते. त्यांनी टेप न लावता नुसत्या वितीने खोका मोजला, कटरने वरून चार बोटं पट्टी उतरवली आणि झाकण पुन्हा दुमडलं. उंची ३० ची २५ झाली. ५० अधिक १३० म्हणजे बरोबर १८०. कापड शिवून झालं, लाखेचे ठिपके पडले, खिडकीतल्या बाईंनी या वेळी टेप उलगडली आणि काही न बोलता शिक्का मारला. खोक्यात न मावलेली शेवेची पिशवी घरी परत आली. ती संध्याकाळच्या चहाबरोबर संपली.