आकडा कुठल्या उंचीचा, किती वेळाचा?

श्रावणातल्या एका दुपारी भाचा फोन घेऊन माझ्यासमोर येऊन उभा राहिला. हल्लीच्या काही फोनांत हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो, तसा त्याच्या फोनमध्ये आहे. आकडा होता 941. मग त्याने त्याच फोनवर हवामानाचा नकाशा उघडला आणि इंदूरवर बोट टेकवलं. तिथे 1002. "मामा, चुकतंय कोण? फोन की नकाशा?"

चुकत कुणीच नव्हतं. दोन्ही आकडे हेक्टोपास्कलमध्येच होते (जुन्या पुस्तकांतला मिलिबार तो हाच). पण त्यांची उंची वेगळी होती. हवेचा दाब म्हणजे आपल्या डोक्यावरच्या सगळ्या हवेचा भार. माळव्याच्या पठारावरचं आपलं इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण 550 मीटर उंच. म्हणजे मुंबईच्या किनाऱ्यावरच्या माणसाच्या डोक्यावर जी हवा आहे, तिचा तळातला 550 मीटरचा दाट भाग आपल्या वाट्याला येतच नाही. त्याचे झाले साठेक हेक्टोपास्कल कमी. फोनने खरा, घरातला दाब सांगितला.

नकाशा मात्र मुद्दाम हिशेब करून आकडा बदलतो. तसं केलं नाही तर दाबाच्या नकाशात हवामान दिसणारच नाही, नुसते डोंगर दिसतील. हिमालयावर कायमचा कमी दाब, किनाऱ्यावर कायमचा जास्त. म्हणून प्रत्येक गावाचा दाब, ते गाव समुद्रसपाटीवर असतं तर किती भरला असता, असा काढून मांडतात. त्यामुळे इंदूरचे 1002 आणि मुंबईचे 1004 शेजारी ठेवून तुलना करता येते. समुद्रसपाटीवर खरोखर 941 भरले, तर ते भीषण चक्रीवादळ असेल. 1999 सालच्या ओडिशाच्या महाचक्रीवादळाच्या केंद्रात दाब 912 पर्यंत उतरला होता. 

भाच्याला हे पटलं, पण डोळ्यांनी बघायचं होतं. पुढच्या रविवारी आम्ही महेश्वरला गेलो. घाट उतरताना कानांत दडे बसत होते आणि तो मागच्या सीटवरून आकडे मोठ्याने वाचत होता: 950, 961, 972. नर्मदेच्या पायऱ्यांवर पोचलो तेव्हा फोन 985 दाखवत होता. चारशे मीटर खाली उतरल्यावर 44 हेक्टोपास्कलची भर. फ्रान्समध्ये 19 सप्टेंबर 1648 रोजी शास्त्रज्ञ पास्कलच्या मेहुण्याने, फ्लोराँ पेरिए यांनी, पाऱ्याची नळी घेऊन प्वी द दोम हा डोंगर चढत हाच प्रयोग केला होता. तेव्हा पारा खाली गेला आणि हवेला वजन आहे हे उघड झालं. आज तो प्रयोग खिशात मावतो, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

एवढं लांब जायचीही गरज नाही. तळमजल्यावरून तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवर गेलात तरी आकडा साधारण एकाने उतरतो. आणखी एक: आपल्या पट्ट्यात दाब रोज दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. सकाळी दहाच्या सुमारास वर, दुपारी चारच्या सुमारास खाली, तेही तीन-चार हेक्टोपास्कलने. तेव्हा दुपारी फोनवरचा दाब घसरला म्हणून वादळ येतंय असं समजू नका.

नकाशात वाऱ्यासाठी 1000, 925, 850, 700 असे थर निवडता येतात, तेही दाबाचेच आकडे आहेत, आणि इथे ते उंची सांगतात. 850 म्हणजे समुद्रसपाटीपासून साधारण दीड किलोमीटर, म्हणजे आपल्या गच्चीपासून साडेनऊशे मीटर वर. बंगालच्या उपसागरातून निघून मध्य प्रदेशावरून सरकणारी पावसाळी प्रणाली बघायची तर हाच थर उघडावा. तिथे वाऱ्याचा भोवरा स्वच्छ दिसतो. आणि 1000 चा थर? पावसाळ्यात तो जवळजवळ समुद्रसपाटीलाच असतो. म्हणजे इंदूरखाली, माळव्याच्या काळ्या दगडात, पाचशे मीटर खोल. तरीही नकाशा तिथे वारा वाहताना दाखवतो, कारण मॉडेल (हवामानाचा हिशेब करणारा संगणकावरचा प्रोग्राम) वरच्या हवेवरून खालचा आकडा गणिताने पुरा करतं. तो वारा कुठेच नसतो.

वाऱ्याचं एकक मात्र जरूर बघा. नुसतं 20 लिहिलं असेल तर ते ताशी 20 किलोमीटर असू शकतात, 20 नॉट म्हणजे ताशी 37 किलोमीटर असू शकतात, नाहीतर सेकंदाला 20 मीटर म्हणजे ताशी 72. पहिल्या वाऱ्यात दोरीवरचे कपडे हलतात, शेवटच्यात झाडाच्या फांद्या मोडतात.

आता पाऊस. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर ते 93 लिटर होतं. हवामान खात्याच्या भाषेत 24 तासांत 64.5 मिलिमीटरपासून 'जोरदार' पाऊस सुरू होतो. म्हणजे एका गच्चीवर हजार लिटरच्या सहा टाक्या. इंदूरला आपण पाऊस इंचांत बोलतो, तर तो अडीच इंचांच्या थोडा वर. पण नकाशातला 12 हा आकडा किती वेळाचा ते कोपऱ्यातल्या पट्टीवर वाचल्याशिवाय काही कळत नाही. तासाला 12 मिलिमीटर म्हणजे छत्री असूनही भिजवणारा पाऊस. 24 तासांत 12 म्हणजे दिवसभराची रिपरिप.

आणि तो आकडा किती जागेचा? युरोपीय हवामान केंद्राच्या मॉडेलचा एक चौकोन साधारण 9 किलोमीटरचा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने घडवलेली, मे 2025 मध्ये सुरू झालेली भारत फोरकास्ट सिस्टीम ही अंदाजाची प्रणाली 6 किलोमीटरच्या चौकोनांवर चालते. इंदूरचा राजवाडा आणि विमानतळ एकाच चौकोनात मावू शकतात, आणि त्या पूर्ण चौकोनाला मॉडेल एकच सरासरी देतं. पडद्यावर निळ्यातून हिरव्यात मिसळत जाणारा रंग हे फक्त रंगकाम आहे; चौकोनाच्या आतलं काही त्याला ठाऊक नसतं.

रडारचा थर यापेक्षा प्रामाणिक, कारण ते हिशेब नव्हे, मोजणं आहे. त्याचं एकक डीबीझेड, आणि त्यात प्रत्येक दहाला पावसाच्या थेंबांवरून परतणारा प्रतिध्वनी दहापट होतो. 30 ला ढोबळमानाने तासाला दोन-तीन मिलिमीटर पाऊस, 40 ला अकरा-बारा. पण भोपाळच्या रडारचा किरण, थोडा वर रोखलेला असल्यामुळे आणि पृथ्वीच्या गोलाईमुळे, इंदूरवर पोचेपर्यंत जमिनीपासून तीन किलोमीटर वर गेलेला असतो. खालच्या ढगांतली भुरभुर त्याला दिसत नाही.

भाच्याने आता गच्चीवर सरळ कडांचा एक स्टीलचा डबा ठेवलाय. कडा सरळ असल्या की डबा रुंद असो वा अरुंद, मिलिमीटर तेवढेच भरतात. रोज सकाळी साडेआठला तो त्यात फूटपट्टी बुडवतो, कारण हवामान खात्याचा पावसाचा दिवस साडेआठ ते साडेआठ असतो. वहीत तीन रकाने आहेत. आज सकाळची नोंद: नकाशा 14, डबा 31, विमानतळ 9. मी म्हटलं, नकाशाच्या त्या 14 मध्ये आपल्या गच्चीचे 31 पण आहेत आणि विमानतळाचे 9 पण. त्याने क्षणभर विचार केला, आणि शेजारच्या गल्लीतल्या मित्राच्या गच्चीसाठी वहीत चौथा रकाना आखला.