कयाक डुलते, पण उलटत का नाही?

देवबाग-तारकर्लीच्या खाडीत कयाक भाड्याने मिळू लागल्यापासून काठावर एक वाक्य हमखास कानावर पडतं: "अहो, ही हलतेय! उलटणार आता!" बसणारा घाबरून दोन्ही कडा घट्ट धरतो, कंबर ताठ करतो, श्वास रोखतो, आणि पाण्यात पडायची शक्यता स्वतःच वाढवून ठेवतो. हलणारी होडी कच्ची आणि न हलणारी पक्की, हा समज आपल्याकडे फार मुरलेला आहे. कयाकच्या बाबतीत तो साफ चुकीचा आहे. तो सुटला की मगच कयाक चालवण्यातली खरी मजा सुरू होते, म्हणून हा लेखप्रपंच.

कयाक आणि कनू, दोन्ही अरुंद, हलक्या, वल्ह्याने चालवायच्या होड्या. कयाकमध्ये पाय पुढे पसरून बसायचं आणि दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं आलटून पालटून मारायचं. कनूत गुडघ्यांवर किंवा आडव्या फळीवर बसायचं, वल्ह्याला पातं एकच. नेदरलँड्समध्ये १९५५ साली महामार्गाचं काम चालू असताना पेसे गावाजवळ पाइनच्या एका खोडातून कोरलेली होडी सापडली. लांबी जेमतेम तीन मीटर, रुंदी ४४ सेंटिमीटर आणि वय सुमारे दहा हजार वर्षं. त्या भागात शेती पोचायच्या कितीतरी आधी माणूस ४४ सेंटिमीटरमध्ये तोल सांभाळत होता.

आता आर्किमिडीजचं तत्त्व आठवा. होडी जेवढं पाणी बाजूला सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतकं प्लावक बल तिला वर ढकलतं. हे बल बुडालेल्या भागाच्या आकाराच्या मध्यातून काम करतं. त्याला प्लावन केंद्र म्हणू. होडी आणि माणूस यांचं वजन मात्र गुरुत्वमध्यातून खाली ओढतं. बहुतेकांना वाटतं, गुरुत्वमध्य प्लावन केंद्राच्या खाली असला तरच होडी सरळ राहील. कयाकमध्ये नेमकं उलटं असतं. प्लावन केंद्र तळापासून सहा-सात सेंटिमीटरवर, तर माणसासकट गुरुत्वमध्य पंचवीसेक सेंटिमीटरवर. वजन वर, आधार खाली, आणि तरीही ती सरळ राहते.

याचं कारण प्लावन केंद्र एका जागी थांबत नाही. होडी उजवीकडे कलली की उजवी बाजू जास्त बुडते, डावी वर येते, आणि बुडालेल्या आकाराचा मध्य उजवीकडे सरकतो. गुरुत्वमध्य वर असल्यामुळे तोही उजवीकडे झुकतो. दोघांत शर्यत लागते. प्लावन केंद्र पुढे गेलं तर पाणी उजव्या बाजूला वर उचलतं आणि होडी सावरते. गुरुत्वमध्य पुढे गेला तर आपण पाण्यात.

या शर्यतीचा निकाल आधीच सांगणारा बिंदू पिएर बुगे या फ्रेंच शास्त्रज्ञाने शोधला. पृथ्वीचा आकार मोजायला दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात काही वर्षं काढलेला हा माणूस. जहाजांवरचा त्याचा ग्रंथ १७४६ साली प्रसिद्ध झाला. किंचित कललेल्या होडीच्या प्लावन केंद्रातून सरळ वर रेघ काढायची. ती होडीच्या मूळ मध्यरेषेला जिथे छेदते तो मेटासेंटर. गुरुत्वमध्य त्याच्या खाली असेल तर होडी सावरते, वर गेला तर उलटते.

मेटासेंटर प्लावन केंद्राच्या किती वर असतो याचं सूत्र आहे: पाण्याच्या पातळीवर होडीचा जो आडवा छेद मिळतो, त्याच्या क्षेत्रफळाचा दुसरा आघूर्ण भागिले बुडालेलं आकारमान. सूत्र डोक्यावरून गेलं तरी एवढं धरून ठेवा, की या आघूर्णात रुंदीचा घन येतो. बाकी सगळं तेच ठेवून रुंदी दुप्पट केली की तो आठपट होतो. पाण्याच्या रेषेवर चार मीटर लांब, ५५ सेंटिमीटर रुंद, टोकांना निमुळती कयाक आणि माणसासह १०० किलो वजन धरून हिशेब केला, तर ही उंची सुमारे २५ सेंटिमीटर येते. म्हणजे मेटासेंटर तळापासून ३२ सेंटिमीटरवर. गुरुत्वमध्य २७ वर धरला तर हातात उरतात पाच सेंटिमीटर. उभे राहिलात की गुरुत्वमध्य पाऊण मीटरच्या आसपास जातो आणि हिशेब तिथेच संपतो. पर्यटकांना देतात त्या वर बसायच्या कयाक एवढ्या रुंद का, तेही यातूनच कळतं. त्यात बैठक उंच असते, म्हणून मेटासेंटरही वर न्यावा लागतो. याच्या उलट टोकाला ऑलिंपिकची एकेरी कयाक, ५.२ मीटर लांब आणि किमान १२ किलो वजनाची, इतकी अरुंद की नवखा माणूस तीत बसताक्षणी पडतो.

मग सगळ्याच कयाक रुंद का करत नाहीत? वेग कमी होतो, हे एक कारण. दुसरं मला जास्त आवडतं. रुंद, सपाट तळाची होडी पाण्याच्या पृष्ठभागाला चिकटून राहते. पाणी आडवं असेल तर ती आडवी. लाट बाजूने आली आणि पाणीच तिरकं झालं, की तीही इमानदारीने तिरकी होते आणि तुम्हाला लोटून देते. अरुंद, गोलसर तळाची कयाक लाटेचं एवढं ऐकत नाही. लाट खालून निघून जाते, बसणारा सरळ राहतो. बर्फाळ समुद्रात सीलची शिकार करणाऱ्या इन्युइट लोकांनी लाकडी सांगाड्यावर सीलचं कातडं ताणून केलेल्या कयाक अरुंद ठेवल्या, त्या याच पाण्यासाठी.

आणि आपण कंबर ताठ का करायची नाही, तेही इथेच आहे. वरच्या उदाहरणातली कयाक १० अंश कलली तर तिला सरळ करणारं आघूर्ण, म्हणजे फिरवणारा जोर, साडेआठ न्यूटन-मीटर भरतं. तुमचं कमरेवरचं शरीर ५० किलोचं असेल, तर ते फक्त दोन सेंटिमीटर बाजूला गेलं तरी तेवढंच आघूर्ण तयार होतं. कंबर सैल असेल तर होडी खाली डुलते आणि धड आपोआप मध्यावर राहतं. कंबर आवळली की धड होडीबरोबर कलतं आणि ते दोन सेंटिमीटर विरोधात जातात. सैल बसायची सवय झाली की बुडाखाली पाण्याची प्रत्येक वळवळ कळते, वल्हं ओढताना पात्यामागे फिरत जाणाऱ्या दोन भोवऱ्यांकडे बघायला उसंत मिळते, आणि पाणी हाताच्या इतकं जवळ असतं की दुसऱ्या कुठल्या होडीत हे सुख नाही.

डोहात साती आसरा माणसाला ओढून नेतात, असं आजही गावोगाव सांगतात. जलदुर्घटनांमागे बहुतेक वेळा जास्त भरलेली होडी, फोटोसाठी एकदम उभी राहिलेली माणसं आणि अंगावर नसलेलं लाइफ जॅकेट असतं. बंधाऱ्याखाली तर पडणारं पाणी गोल फिरतं, पृष्ठभागावर उलटं बंधाऱ्याकडेच वाहतं, आणि पट्टीच्या पोहणाऱ्यालाही परत आत खेचतं. दोष आसरांवर टाकला की जॅकेटचा पट्टा बांधायचा राहतो. 'कधीच न उलटणारी कयाक' या जाहिरातीवरही विश्वास ठेवू नका. प्रत्येक कयाकचा एक कोन असतो, त्यापुढे ती सावरत नाही.

कोकणातल्या कोळ्यांनी अरुंद होडीचा प्रश्न फार सुंदर सोडवला आहे. होडीच्या एका बाजूला आडव्या दांड्यांनी बांधलेलं तरंगतं लाकूड, म्हणजे उलांडी. मेटासेंटरच्या सूत्रातल्या आघूर्णात क्षेत्रफळाला मध्यरेषेपासूनच्या अंतराच्या वर्गाने गुणतात. म्हणून बारकंसं लाकूड, पण होडीपासून दीड-दोन मीटर अंतरावर, एवढ्यावर मेटासेंटर भलताच वर जातो, आणि मूळ होडी अरुंद आणि हलकीच राहते.

उलांडी नसलेल्या कयाकमधला माणूस उलटलाच, तर बाहेर न येता परत सरळ होता येतं. ग्रीनलंडमधली ही जुनी विद्या ऑस्ट्रियाच्या एडी हान्स पावलाटाने १९२७ साली स्वतःच्या स्वतः साधली. वल्ह्याने पाण्यावर आधार घ्यायचा, कमरेने होडी फिरवायची आणि डोकं सगळ्यात शेवटी पाण्याबाहेर काढायचं. जीव घाबरलेला असताना डोकं आधी वर काढावंसं वाटतं. पण डोकं पाच किलोच्या आसपास, होडीच्या अक्षापासून पाऊण मीटर दूर. पाण्यात असेपर्यंत त्याचं वजन पाणी पेलतं. आधी बाहेर काढलं तर होडी उलटवणारं आघूर्ण पस्तीसएक न्यूटन-मीटरने वाढतं, मघाच्या साडेआठच्या चौपट. म्हणून शिकवणारे आधी उथळ पाण्यात जोडीदाराचा हात धरायला लावतात आणि कान खांद्याला टेकवून ठेवायची सवय करून घेतात.