कन्व्हेयन्सिंग : इंग्लंड-वेल्समधील घरखरेदीचे कायदेशीर काम

कन्व्हेयन्सिंग म्हणजे स्थावर मालमत्तेची मालकी एकाकडून दुसऱ्याच्या नावावर कायदेशीररीत्या करून देण्याचे काम. महाराष्ट्रात सरकारी कागदपत्रांत यालाच अभिहस्तांतरण म्हणतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये ते सॉलिसिटर करतात किंवा १९८५ च्या कायद्याने उभा राहिलेला परवानाधारक कन्व्हेयन्सरांचा वर्ग करतो. स्कॉटलंडचा कायदा वेगळा असल्याने ही नोंद तिकडे लागू पडत नाही.

इंग्लंड-वेल्समध्ये स्थायिक होऊन घर घ्यायला निघालेल्या मराठी माणसाचा पहिला प्रश्न बहुधा इसाराचा असतो. आपल्याकडे टोकन देऊन शब्द पक्का करतात, मग साठेखत होते, शेवटी खरेदीखत. इंग्लंडमध्ये विक्रेत्याने ऑफर मान्य केली तरी कुणीच बांधले जात नाही. जमीन-घराचा करार लेखी आणि सहीचा असलाच पाहिजे, असे १९८९ चा कायदा सांगतो. तो होईपर्यंत दुसऱ्याने जास्त किंमत देऊ केली तर विक्रेता खुशाल त्याच्याकडे वळू शकतो. याला तिथे ‘गझम्पिंग’ म्हणतात. तोवर खरेदीदाराचा सर्व्हे (घराची तपासणी) आणि शोधांवर (परिषद वगैरे संस्थांकडून घराबद्दलची माहिती मागवणे) खर्च होऊन गेलेला असतो आणि तो सहसा परत मिळत नाही. खरेदीदारही याच काळात दंडाशिवाय अंग काढून घेऊ शकतो. म्हणून जे विचारायचे ते करारबद्ध होण्याआधी विचारावे, हे या व्यवहाराचे मर्म आहे.

बांधले जाण्याचा क्षण म्हणजे ‘एक्स्चेंज ऑफ कॉन्ट्रॅक्ट्स’. कराराच्या दोन सारख्या प्रती असतात. एकीवर विक्रेत्याची सही असते, दुसरीवर खरेदीदाराची, आणि तारखेची जागा दोन्हींवर कोरी. दोन्ही सॉलिसिटर फोनवर येतात, किंमत, अनामत आणि ताब्याचा दिवस एकमेकांना वाचून दाखवतात, आपापल्या हातातल्या प्रतीवर तारीख घालतात आणि वेळ टिपून ठेवतात. पक्षकार तेव्हा आपापल्या कामावर असतात. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जाणे नाही, अंगठ्याचे ठसे नाहीत, साक्षीदारांची धावपळ नाही. पण फोन खाली ठेवला की माघार महाग पडते. खरेदीदार मागे हटला तर सामान्यतः किमतीच्या १० टक्के अनामत जाते. प्रचलित करारशर्तींनुसार घराची जोखीमही त्याच क्षणी त्याच्यावर येते, त्यामुळे किल्ल्या हातात नसल्या तरी विमा त्या दिवसापासून चालू हवा.

सॉलिसिटर घर पाहायला जातो का? नाही, आणि हा गैरसमज मोठा आहे. तो कागद पाहतो. छताला ओल आहे का, भिंतीला तडे आहेत का, हे पाहायला सर्व्हेअर वेगळा नेमावा लागतो. बँकेने केलेले मूल्यांकन बँकेच्या कर्जाच्या सुरक्षेसाठी असते, त्यावर विसंबू नये. विक्रेता आपण होऊन घराचे दोष सांगायला सहसा बांधील नसतो, मात्र विचारलेल्या प्रश्नाला खोटे उत्तर दिले तर त्याच्याकडून भरपाई मागता येते. यासाठी ‘टीए ६’ हा माहितीचा फॉर्म असतो. शेजाऱ्यांशी वाद, कुंपण कुणाचे, पूर, वाढीव बांधकामाच्या परवानग्या, आणि फरशीच्या फटींतूनही वर येणारी जपानी नॉटवीड ही वनस्पती आवारात आहे का, इतके तपशील त्यात येतात. खरेदीदाराने तो स्वतः ओळन् ओळ वाचावा, कारण घर डोळ्यांनी पाहिलेला माणूस तोच असतो. घरात वाढवलेली एखादी खोली फॉर्मात दाखवलेली नसेल, तर ते सॉलिसिटरला कळायला मार्ग नाही.

शोधांचेही तसेच. स्थानिक परिषदेकडचा शोध त्या घरापुरता असतो. शेजारच्या मोकळ्या जागेवर पाच मजली इमारत येणार असेल तर ते त्यात दिसेलच असे नाही, ते वेगळे विचारावे लागते. पाणी-सांडपाणी, पर्यावरण, आणि जुन्या कोळसापट्ट्यात असल्यास खाणींचा शोध हे आणखी निराळे.

फ्लॅट बहुतेक ‘लीजहोल्ड’ असतात, म्हणजे मालकी ठरावीक वर्षांच्या भाडेपट्ट्याची. पट्ट्याची किती वर्षे उरली, हा इथला कळीचा प्रश्न. ८० वर्षांखाली गेल्यावर मुदत वाढवणे बरेच महागत आले आहे. २०२४ च्या कायद्यात हा भार काढण्याची तरतूद आहे. ३० जून २०२२ पासूनच्या बहुतेक नव्या दीर्घ पट्ट्यांवर भूभाडे नाममात्रच आहे, जुन्या पट्ट्यांत मात्र ते दर काही वर्षांनी दुप्पट होण्याची अट असू शकते.

करात भारतातल्या घराचा थेट संबंध येतो. पहिल्यांदा घर घेणाऱ्याला स्टॅम्प ड्यूटीत सवलत असते, पण पहिल्यांदा म्हणजे जगात कुठेही, कधीही राहते घर नावावर नसणे. पुण्यातला फ्लॅट किंवा वारसाने आलेला हिस्साही त्यात धरला जातो. वर, खरेदीनंतर जोडप्यातल्या कुणाच्याही नावावर ४० हजार पौंड किंवा त्याहून जास्त किमतीचे दुसरे घर उरत असेल आणि आधीचे राहते घर विकून हे घेतलेले नसेल, तर सगळ्या किमतीवर ५ टक्के अधिभार पडतो. इंग्लंडमधल्या ४ लाख पौंडांच्या घरावर १ एप्रिल २०२५ पासूनच्या दरांनी पहिल्यांदा घेणाऱ्याला ५ हजार पौंड, एरवी १० हजार आणि अधिभारासह ३० हजार पौंड कर होतो. वेल्सचा कर वेगळा आहे. भारतातल्या घराबद्दल सॉलिसिटरला पहिल्याच भेटीत सांगावे. आईवडिलांनी पैसे पाठवले असतील तर त्यांचा उगमही दाखवावा लागतो : बँकेचे उतारे, विकलेल्या घराचे खरेदीखत, आणि ही रक्कम भेट आहे, कर्ज नव्हे, असे सहीचे पत्र.

दोघांच्या नावावर घर घेताना ‘जॉइंट टेनंट्स’ की ‘टेनंट्स इन कॉमन’ हे विचारले जाते. ‘टेनंट’चा इथे भाडेकरूशी संबंध नाही. पहिल्या प्रकारात एकाच्या पश्चात सगळे घर आपोआप दुसऱ्याचे होते. दुसऱ्यात प्रत्येकाचा हिस्सा वेगळा राहतो आणि तो मृत्युपत्राने कुणालाही देता येतो.

ताब्याच्या दिवशी, ‘कम्प्लीशन’ला, उरलेली रक्कम एका सॉलिसिटरकडून दुसऱ्याकडे जाते आणि किल्ल्या मिळतात. या टप्प्यावर ईमेलवरून ‘आमचा खातेक्रमांक बदलला’ असा निरोप आला तर आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर फोन करून खात्री केल्याशिवाय एक पौंडही पाठवू नये. इंग्लंडमध्ये १४ दिवसांत कराचे विवरण भरावे लागते आणि मग १८६२ साली स्थापन झालेल्या लँड रजिस्ट्रीकडे अर्ज जातो. कायद्याने मालकी खरी बदलते ती तिथल्या नोंदीने. आपल्याकडचा सातबारा मालकीचा अंतिम पुरावा मानला जात नाही. तिथल्या नोंदीमागे मात्र सरकारची हमी असते आणि चुकीच्या नोंदीने नुकसान झाल्यास भरपाईची तरतूद आहे. नव्या मालकाला जाडजूड दस्ताचे बाड मिळत नाही. हातात येतो नोंदीचा उतारा आणि लाल रेघेने हद्द दाखवलेला नकाशा. ती रेघ सर्वसाधारण हद्दीची असते. कुंपण नेमके कुठे, हे तिच्यावरून इंचाने ठरत नाही.