खाऱ्या पाण्याची टाकी: दोन फुटी, तीन फुटी की चार फुटी?

घरात समुद्री मासे पाळायचे ठरले की बहुतेक जण दोन फुटी टाकीपासून सुरुवात करतात. लहान टाकी स्वस्त, सांभाळायला सोपी, जमले तर पुढे मोठी घेऊ, असा हिशेब असतो. गोड्या पाण्यात तो बऱ्याच अंशी खरा ठरतो. खाऱ्या पाण्यात मात्र उलटा पडतो, कारण तिथे माशांच्या आधी पाणी सांभाळावे लागते आणि थोडे पाणी फार लवकर बिघडते.

आधी मापे पाहू. दुकानात टाकी फुटांत विकली जाते. एक घनफूट म्हणजे २८.३ लिटर. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत कागदावर ५६ लिटर पाणी मावते. काठापासून सोडलेली जागा, तळाची वाळू आणि दगड वजा केले की हातात जेमतेम ४५ लिटर उरते. तीन फूट लांब आणि दीड-दीड फूट रुंद-उंच टाकी कागदावर १९१ लिटरची, प्रत्यक्षात सुमारे १५५ लिटरची. औषधाची मात्रा असो वा मिठाचे वजन, हिशेब नेहमी या दुसऱ्या आकड्यावर करायचा.

समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. पाणी उडते, क्षार मागेच राहतात, त्यामुळे रोज खारेपणा वाढत जातो. कोल्हापूरच्या उन्हाळ्यात, पंखा लावलेल्या उघड्या टाकीतून दिवसाला अर्धा सेंटिमीटर पाणी उडाले असे धरू. दोन फुटी टाकीत पाण्याची सरासरी खोली २५ सेंटिमीटर धरली, तर तीन दिवस गोडे पाणी न घातल्यास खारेपणा ३५ वरून ३७.२ वर जातो. तीन फुटीत खोली ३७ सेंटिमीटर असल्याने तो ३६.५ वरच थांबतो. मासे हे एकदा सोसतील, पण कोळंबी आणि गोगलगायींना असले चढउतार मानवत नाहीत. लक्षात घ्या, या एका बाबतीत लिटरपेक्षा खोली महत्त्वाची आहे. लांबलचक पण उथळ टाकी घेतली तर पाणी भरपूर असूनही खारेपणा लहान टाकीसारखाच हलतो.

बाकीच्या बाबतीत मात्र लिटरच कामाला येतात. एखादा मासा दगडाआड मरून पडला आणि त्यातून ५० मिलिग्रॅम अमोनिया सुटला असे समजा. ४५ लिटरमध्ये त्याची पातळी लिटरला १.१ मिलिग्रॅम होते, १५५ लिटरमध्ये ०.३. आणि खाऱ्या पाण्याचा पीएच ८.१ ते ८.३ असतो. या पीएचला अमोनियाचा विषारी भाग पीएच ७ च्या पाण्यापेक्षा दहा पटींहून जास्त असतो. त्यामुळे गोड्या पाण्यात खपून जाणारी चूक इथे एका रात्रीत टाकी रिकामी करते.

ऑक्सिजनचेही तसेच. २६ अंशांना गोड्या पाण्यात लिटरला सुमारे ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, समुद्राच्या पाण्यात साडेसहाच्या आसपास. त्यात कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, हवेचा दाब कमी, म्हणून आणखी पाचसहा टक्के वजा. ऑक्सिजन पाण्यात शिरतो तो मुख्यतः पृष्ठभागातून. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात शोभणाऱ्या उंच खांबासारख्या टाक्या म्हणूनच खाऱ्या पाण्याला वाईट: पाणी जास्त, पृष्ठभाग कमी, माशांना पोहायला लांबी नाही आणि तळ साफ करायला हात पोचत नाही. दोन फुटांपेक्षा उंच टाकी घरात घेऊच नये.

तापमानाकडे इथे विशेष लक्ष द्यावे लागते. पाणी २४ ते २७ अंशांत राहायला हवे. एप्रिल-मेमध्ये बाहेर पारा ३८-३९ वर जातो, खोलीत ३२-३३ असते. त्यात टाकीतला पंप स्वतः उष्णता देतो. २० वॉटचा पंप ४५ लिटर पाणी तासाला ०.४ अंशाने तापवू शकतो, १५५ लिटर ०.१ अंशाने. ही उष्णता बाहेर पडलीच नाही तर, अर्थात. उपाय म्हणजे पाण्यावर तिरका वारा देणारा छोटा पंखा. एक लिटर पाणी उडाले की १५५ लिटरमधून पावणेचार अंशांइतकी उष्णता निघून जाते. खोलीतून ती परत आत येत राहते, म्हणून प्रत्यक्षात दोनतीन अंशांचाच फरक पडतो. तो क्लाउनफिशला पुरतो, प्रवाळाला पुरत नाही. वळिवाच्या आसपास हवा दमट झाली की पाणी उडणे मंदावते आणि पंख्याचा गुण निम्म्यावर येतो. मेच्या शेवटचे हे पंधरा दिवस सर्वांत अवघड. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री उलट हीटर लागतो. १५५ लिटरला १५० वॉटचा एक घेण्यापेक्षा ७५ वॉटचे दोन घ्यावेत. एकाचा थर्मोस्टॅट चालू अवस्थेत अडकला तरी मासे उकडत नाहीत.

एवढे वाचून कोणी थेट सहा फुटी टाकी मागवील, म्हणून आता दुसरी बाजू. मोठ्या टाकीला मर्यादा घालते ते घर.

पहिली मर्यादा पाण्याची. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, बोअरचे पाणी जड असते. दोन्ही चालत नाहीत. आरओचे, शक्यतो पुढे उरलेसुरले क्षार काढणारे डीआय कार्ट्रिज लावलेले, टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे माप) शून्याजवळचे पाणी लागते. स्वयंपाकघरातल्या आरओमध्ये चवीसाठी थोडे कच्चे पाणी मिसळणारा टीडीएस कंट्रोलर असतो, तो पूर्ण बंद करावा लागतो. जारचे पाणी घ्यायचे तर प्रत्येक जार टीडीएस मीटरने तपासून. तीन फुटी टाकी आणि तिच्या खालचा सम्प, म्हणजे पाणी गाळून परत वर पाठवणारी छोटी टाकी, मिळून २०० लिटर धरले, तर आठवड्याला १० टक्के म्हणजे २० लिटर पाणी बदलायचे आणि उन्हाळ्यात उडालेल्या पाण्याच्या जागी साधारण १५ लिटर घालायचे. ३५ लिटर झाले. आरओ त्यासाठी दुप्पट-तिप्पट पाणी सोडून देतो, ते फरशी पुसायला वापरता येते. चार बाय दोन बाय दोन फुटी टाकीला हाच आकडा आठवड्याला सत्तर लिटरच्या वर जातो. एवढे पाणी बनवणे, साठवणे आणि उचलणे दर रविवारी जमणार आहे का? हौस संपते ती बहुधा इथेच.

मीठ समुद्री टाकीसाठी बनवलेलेच घ्यायचे, लिटरला सुमारे ३७ ग्रॅम. पहिल्या भरणीला साडेसात किलो, पुढे आठवड्याला पाऊण किलो. पाण्यात मीठ टाकायचे, मिठावर पाणी ओतायचे नाही. नाहीतर कॅल्शियम साका होऊन बसतो आणि पाणी दुधट दिसते. पंप लावून बारा ते चोवीस तास फिरवून, रिफ्रॅक्टोमीटरवर (खारेपणा मोजायच्या उपकरणावर) १.०२५ ही घनता दिसली की वापरायचे. आंबा घाटातून रत्नागिरीला जाऊन कॅनमध्ये समुद्राचे पाणी आणायचा विचार अनेकांच्या मनात येतो. किनाऱ्याजवळच्या पाण्यात सांडपाणी आणि बोटींचे डिझेल असते, पावसाळ्यात नद्यांमुळे त्याचा खारेपणाही उतरलेला असतो. पेट्रोलच्या खर्चात महिनोन्महिन्यांचे मीठ येते.

दुसरी मर्यादा वजनाची. तीन फुटी टाकीत पाणी १६० किलो, सम्पचे ५०, काच ३५-४०, दगड-वाळू ३५, स्टँड ४०: सव्वातीनशे किलो, आणि तेही साडेचार चौरस फुटांच्या जागेवर. चार बाय दोन बाय दोन फुटी टाकी सगळे धरून ७०० किलोच्या घरात जाते. राहत्या खोलीचा स्लॅब भारतीय मानकानुसार चौरस मीटरला सुमारे २०० किलो भारासाठी धरतात. हा भार पूर्ण खोलीवर पसरलेला मानलेला असतो, त्यामुळे तीन फुटी टाकी बीमवरच्या भिंतीला लावून ठेवली तर सहसा चालते. चार फुटीला वरच्या मजल्यावर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय हात घालू नये. मंगळवार पेठ-शिवाजी पेठेतल्या जुन्या, लाकडी तुळयांच्या घरात माडीवर कोणतीही खारी टाकी नको. स्टँड बीडब्ल्यूपी (पाण्याने न फुगणाऱ्या) प्लायचा किंवा पावडर कोटिंग केलेल्या लोखंडाचा. उघडे लोखंड मीठ खाऊन टाकते.

तिसरी मर्यादा विजेची. महावितरणच्या देखभालीसाठी दिवसभर लाइट गेली तर पंप बंद आणि ऑक्सिजन बंद. इन्व्हर्टरवर फक्त सम्पमधले पाणी वर चढवणारा रिटर्न पंप आणि टाकीतले पाणी हलते ठेवणारा वेव्हमेकर ठेवा. दोन्ही मिळून ३० वॉट असले तर १५० एएचची चांगली बॅटरी रात्रही काढते. हीटर आणि दिवे त्यावर नकोत. पंप थांबला की वरच्या टाकीतले पाणी सम्पमध्ये उतरते: तीन फुटीत पातळी अडीच सेंटिमीटर खाली आली तरी दहा लिटर. तेवढी जागा सम्पमध्ये रिकामी हवीच. रिटर्न पाइपचे तोंड पाण्यात दहा सेंटिमीटर खोल असेल, तर उलटा सायफन सुरू होऊन चाळीस लिटर पाणी खाली येते आणि सकाळी हॉलमध्ये समुद्र असतो. तोंड पृष्ठभागालगतच ठेवा. प्लगला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) हवा, वायर प्लगखाली लोंबती ठेवून मग वर घ्यायची, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी प्लगमध्ये शिरत नाही.

पुराचाही विचार टाकी घेतानाच करायचा. २०१९ आणि २०२१ साली पंचगंगेच्या पुरात उपसा केंद्रे पाण्याखाली गेली, शहराचा पाणीपुरवठा काही दिवस थांबला, महामार्गही बंद होता. जुलैआधी ६० लिटर तयार आरओ पाणी आणि चार किलो मीठ घरात असले तर तीन फुटी टाकी हे दिवस काढते. चार फुटीला दुप्पट साठा, आणि तेवढे कॅन फ्लॅटमध्ये कुठे ठेवणार?

म्हणून पहिल्या टाकीला तीन फूट बाय दीड बाय दीड हे माप. यात क्लाउनफिशची जोडी, एक फायरफिश, एक गोबी आणि एखादी क्लीनर कोळंबी सुखाने राहते. क्लाउनफिश संवर्धन केंद्रातला मागा. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याच्या पैदाशीचे तंत्र विकसित केले आहे आणि टाकीत जन्मलेला मासा कोरडे खाद्य लगेच घेतो. निळा टँग फूटभर वाढतो, दुकानात तो दोन इंची असतो म्हणून फसू नका. समुद्री घोडा आणि सर्व कठीण प्रवाळ यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, म्हणून ‘लाइव्ह रॉक’ म्हणून विकले जाणारे प्रवाळाचे तुकडेही घेऊ नयेत. अमोनिया पचवणाऱ्या जिवाणूंना जागा देण्याचे तेच काम सच्छिद्र सिरॅमिक दगड करतात, फक्त त्यांच्यावर जिवाणू वसायला चार ते सहा आठवडे लागतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसेपर्यंत मासा नाही. नंतर दर दोनतीन आठवड्यांनी एक भर. डॅमसेल हा छोटा, भांडखोर मासा घ्यायचाच असेल तर सर्वांत शेवटी, तो आधी आला तर सगळी टाकी स्वतःची समजतो.

टाकी मागवण्यापूर्वी जिन्याचे वळण आणि दाराची रुंदी मोजा. घरी आली की ती वर नेण्याआधी तळमजल्यावर, सपाट जागी थर्मोकोलवर ठेवून साध्या पाण्याने काठोकाठ भरा आणि दोन दिवस तशीच राहू द्या. सांध्यांखाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद अंथरला की थेंबभर गळतीही दिसते.