क्लिनिकल सायकॉलॉजी आणि तंत्रज्ञान : एका जोडपदवीची पार्श्वभूमी

क्लिनिकल सायकॉलॉजी आणि तंत्रज्ञान अशा जोडनावाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांबद्दल गोव्यातले विद्यार्थी आता विचारू लागले आहेत. पोर्तुगीज पासपोर्ट असलेल्या घरांत तर युरोपातल्या विद्यापीठांची माहितीपत्रके आधी उघडली जातात. पदवी नवी वाटते, पण तिच्यातले दोन्ही धागे जुने आहेत.

उपचारात यंत्र महत्त्वाचे की माणूस, या वादात एक गोंयकार फार पूर्वीच उतरला होता. अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये मेस्मर नावाचा वैद्य लोखंडी कांबी बसवलेल्या लाकडी टबाभोवती रुग्णांना बसवून 'चुंबकीय प्रवाहा'ने बरे करत असे. १७८४ साली राजाने नेमलेल्या समितीने तो प्रवाह अस्तित्वातच नसल्याचा निर्वाळा दिला. कांदोळीत १७५६ साली जन्मलेले आबे फारिया पुढे त्याच शहरात म्हणू लागले की संमोहनाची झोप टबातून येत नाही, प्रवाहातूनही नाही, ती झोपणाऱ्याच्या मनातून येते. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी त्यांचा पुतळा आहे. आल्तिनोवरच्या मनोरुग्णालयालाही त्यांचेच नाव होते. बांबोळीचे आयपीएचबी, म्हणजे मानसोपचार आणि मानवी वर्तन संस्था, हा त्याचाच पुढचा अवतार.

भारतातले प्रशिक्षण मात्र बंगळुरूहून सुरू झाले. १९५४ साली तिथे अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था उभी राहिली आणि पुढच्याच वर्षी वैद्यकीय मानसशास्त्राची पदविका निघाली. तिचीच पुढे दोन वर्षांची, पूर्ण वेळ रुग्णालयात राहून करायची एम.फिल. झाली. १९९२ च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषद, म्हणजे आरसीआय, आली आणि नोंदणीचा अधिकार तिच्याकडे गेला. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने व्याख्याच बांधून टाकली: आरसीआयने मान्य केलेली क्लिनिकल सायकॉलॉजीची पात्रता, किंवा पदव्युत्तर पदवीनंतर देखरेखीखाली प्रत्यक्ष रुग्णकामासह केलेली, आरसीआयमान्य दोन वर्षांची एम.फिल. नुसते एम.ए. करून दारावर 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' अशी पाटी लावता येत नाही. गोव्यात ती लावलेली दिसते, तो भाग वेगळा.

आता मोजमापाकडे. धारवाडच्या व्ही. व्ही. कामतांनी बुद्धी मोजणाऱ्या बिने चाचणीची मराठी आणि कानडी आवृत्ती स्वातंत्र्याआधीच केली. मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागून शंभराने गुणायचे, म्हणजे बुद्ध्यांक. खरी अडचण मानकांची, म्हणजे तुलनेसाठी धरलेल्या सरासरी गुणांची आहे. पिढ्यांगणिक सरासरी गुण वर सरकत गेले, त्यामुळे जुन्या मानकांशी ताडले की आजच्या मुलाचा बुद्ध्यांक फुगून येतो. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी सत्तरच्या उंबरठ्यावर असलेले मूल एवढ्यानेच बाहेर पडू शकते. म्हणूनच जोडीला व्हाइनलँडसारखी सामाजिक परिपक्वतेची मोजपट्टी लावतात. बुद्ध्यांकाची चाचणी टॅबवर चढवली तर बोटाने आखणे पेन्सिलीने आखण्यासारखे राहत नाही, वेळ बदलतो, आणि मानके पुन्हा काढावी लागतात. हा खर्च सहसा कोणी धरत नाही.

प्रश्नावल्यांचे काम त्या मानाने सोपे, आणि म्हणूनच फसवे. पीएचक्यू-९ या नैराश्य मोजणाऱ्या प्रश्नावलीत नऊ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण सत्तावीस. ॲप बेरीज चोख करते. पण नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. एकूण गुण सहा आणि त्यातले दोन नवव्यावर, असा माणूस बेरजेच्या हिशेबात 'सौम्य' ठरतो. त्या उत्तरावर वेगळा इशारा लावायचा, तो कोणाच्या फोनवर जाणार, रात्री दोनला तो फोन कोण उचलणार, हे प्रणाली सुरू करण्याआधी कागदावर असायला हवे. प्रश्नावली कोकणीतून विचारायची, मराठीतून की इंग्रजीतून, हाही गोव्यात रोजचा प्रश्न. प्राथमिक आरोग्य केंद्रांत बायका उदासीपेक्षा अशक्तपणाचीच तक्रार आधी सांगतात.

या केंद्रांतूनच गोव्याचे नाव जगभरच्या संशोधनात गेले. १९९६ साली सुरू झालेल्या 'संगत' या स्वयंसेवी संस्थेने मानसोपचाराचे शिक्षण नसलेल्या स्थानिकांना समुपदेशक म्हणून तयार केले. पीएचक्यू-९ वर चौदाहून जास्त गुण असलेल्यांना आठवड्याला एक, तीस ते चाळीस मिनिटांचे, अशी सहा ते आठ सत्रे दिली. दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांतले ४९५ रुग्ण होते. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्या गटातले ६४ टक्के नैराश्यातून सावरलेले दिसले, तर फक्त थोडी सुधारलेली नेहमीची काळजी मिळालेल्यांतले ३९ टक्के. सत्रे ध्वनिमुद्रित होत आणि सहकारी ती ऐकून गुण देत. तंत्रज्ञान एवढेच, भार सगळा देखरेखीवर. पुढे शाळकरी मुलांसाठी अडचण, पर्याय, कृती अशा टप्प्यांनी जाणारा मोबाइलवरचा खेळ आला, त्यातही समुपदेशक सोबत होताच.

निव्वळ यंत्राने बोलण्याचा प्रयत्न १९६६ चा: वायझेनबॉमची एलायझा ही संगणकप्रणाली, जी वापरणाऱ्याचेच वाक्य प्रश्न करून परत देई. २००६ मध्ये ब्रिटनमध्ये उपचारांची शिफारस करणाऱ्या नाइस या संस्थेने संगणकावरच्या सीबीटीला, म्हणजे विचार आणि वर्तन बदलण्याच्या उपचाराला, मान्यता दिली. २०१७ साली वोबॉट या गप्पा मारणाऱ्या ॲपची दोन आठवड्यांची, ७० जणांची चाचणी गाजली. २०२५ मध्ये ते ॲपच बंद झाले. त्यावर बेतून कोणी प्रबंध लिहीत असेल, तर त्याने काय करायचे?

दरम्यान इथली चौकट हलली. विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) २०२२ च्या नियमांत एम.फिल. काढून टाकली, मग क्लिनिकल सायकॉलॉजीसाठी २०२५-२६ पर्यंत मुदत दिली. आरसीआयने आपले नवे अभ्यासक्रम आणले. २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्र दूरस्थ किंवा ऑनलाइन शिकवायलाही बंदी आली. नोकरी सांभाळून घरबसल्या एम.ए. करणाऱ्यांची वाट त्याने मिटली.

युरोपातली दोन वर्षांची मास्टर्स सहसा १२० क्रेडिटची असते, एक क्रेडिट म्हणजे पंचवीस ते तीस तासांचा अभ्यास. पोर्तुगालमध्ये त्यानंतर मानसशास्त्रज्ञांच्या ऑर्डेमकडे, म्हणजे व्यावसायिक परिषदेकडे, नोंदणी आणि त्यासाठी वर्षभराची व्यावसायिक इंटर्नशिप लागते. ब्रिटनमध्ये 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' हे नाव कायद्याने राखीव आहे, आणि तिथे मार्ग डॉक्टरेटचा. परत गोव्यात यायचे तर समकक्षता, म्हणजे परदेशी पदवी इथल्या पदवीच्या बरोबरीची ठरणे, आणि आरसीआय हे दोन्ही उंबरठे वेगवेगळे ओलांडावे लागतात. पहिला ओलांडला म्हणून दुसरा आपोआप ओलांडला जात नाही. त्यामुळे फी भरण्याआधी विद्यापीठाला लेखी विचारायचे: प्रत्यक्ष रुग्णांसोबतचे तास किती, देखरेख करणारा नोंदणीकृत आहे का, आणि सॉफ्टवेअर प्रयोगशाळेतले तास त्यात धरले आहेत का. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'हो' असेल, तर ते तास वजा करून पुन्हा बेरीज करायची.