साइट एकच, मग बिलं दोन कशी?

आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थी मंडळाचा जमाखर्च खजिनदार काका अजूनही लाल पुठ्ठ्याच्या वहीत मांडतात. मंडळाचा गप्पांचा कट्टा इंटरनेटवर गेला, त्या वर्षी मार्चअखेरीला त्यांचा फोन आला. "अरे, साइट एकच ना आपली? मग बिलं दोन कशी? एक १,२९८ रुपयांचं, एक ५,६६४ चं. दोन्हींवर रिन्यूअल लिहिलंय. कुणीतरी दोनदा पैसे काढतंय बघ."

कुणी दोनदा काढत नव्हतं. एक बिल डोमेनचं, म्हणजे साइटच्या नावाचं होतं, दुसरं होस्टिंगचं, म्हणजे साइट जिथे ठेवलेली असते त्या सर्व्हरवरच्या जागेचं. आता हे समजावताना सगळे एकच उदाहरण देतात : डोमेन म्हणजे पत्ता, होस्टिंग म्हणजे घर. उदाहरण चूक नाही, पण पैशांचा विषय निघाला की ते घात करतं. आपल्याकडे घराला आयुष्याची कमाई लागते आणि पत्ता फुकट मिळतो. मग ऐकणाऱ्याच्या मनात बसतं, की पत्त्याचं काय एवढं, घर सांभाळा. इथे गोष्ट बरोबर उलटी आहे.

काकांनी तरुणपणी चार वर्षं एक दिवाळी अंक काढला होता, म्हणून मी तिकडून शिरलो. अंकाचं नाव वेगळं नोंदवता, छापखान्याचं बिल वेगळं देता. छापखाना बदलला तर वाचकाला कळतही नाही. पण नावाची नोंदणी सुटली आणि ते दुसऱ्याने घेतलं, तर तुमच्याकडे उत्तम छापलेले अंक असतील आणि त्यावर घालायला नावच नसेल. डोमेन म्हणजे ते नाव, होस्टिंग म्हणजे छापखाना आणि गोदाम.

"म्हणजे नाव आपण विकत घेतलंय," काका म्हणाले. तेही नाही. डोमेन विकत घेतलं असं सगळेच म्हणतात, पण तो भाडेपट्टा आहे. कमीत कमी एक वर्षाचा, आणि .कॉमसारख्या नावांसाठी एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांचा. मालकी कधीच मिळत नाही, फक्त मुदतीत पैसे भरत राहिलात तर दुसरा कुणी सहसा आत येऊ शकत नाही. साखळी अशी : .कॉमची मूळ वही व्हेरिसाइन ही अमेरिकी कंपनी सांभाळते, आपल्या .इनची वही निक्सी या भारतीय संस्थेकडे असते, आणि आपण ज्याला पैसे देतो तो रजिस्ट्रार म्हणजे नोंदणी करून देणारा मध्यस्थ. .कॉमचा घाऊक दर सप्टेंबर २०२४ मध्ये वर्षाला १०.२६ डॉलर झाला. त्यावर आयकॅनची, म्हणजे जगभरच्या डोमेन-व्यवस्थेचं नियमन करणाऱ्या संस्थेची, काही सेंटांची फी, रजिस्ट्रारचा नफा आणि आपला १८ टक्के जीएसटी. म्हणून रिन्यूअलचं बिल हजार-दीड हजाराच्या आसपास घुटमळतं. तुमच्या साइटवर दहा माणसं येवोत की दहा लाख, त्यात एक रुपयाचा फरक पडत नाही. (१९९५ च्या सप्टेंबरपर्यंत ही नावं चक्क फुकट मिळत. मग दोन वर्षांचे १०० डॉलर लागू झाले, तेव्हा लोकांनी केवढा ओरडा केला असेल!)

होस्टिंगचं तसं नाही. ते वापरावर चढतं, आणि कशाने चढतं याचे अंदाज बहुतेकांचे चुकतात. आमच्या समितीत भीती अशी होती, की तीनशे लोक रोज लिहायला लागले तर जागा संपेल. वहीच्या मागच्या पानावर हिशेब करून दाखवला. युनिकोडच्या नेहमीच्या यूटीएफ-८ मांडणीत देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइट घेतं, इंग्रजी अक्षराच्या तिप्पट. तरीही हजार शब्दांचा लेख म्हणजे साधारण सहा हजार चिन्हं, म्हणजे १८ किलोबाइट. फोनवर काढलेला एक फोटो सहज साडेतीन मेगाबाइटचा. स्नेहसंमेलनाचा एक फोटो म्हणजे जवळजवळ दोनशे लेख! आणि आमच्या लोकांनी पहिल्या महिन्यात टाकलं काय, तर अकराशे फोटो. त्यातले निम्मे जेवणाच्या पंगतीचे.

दुसरी छुपी गोष्ट ईमेल. कट्ट्यावर कुणी उत्तर लिहिलं की सगळ्यांना सूचना जाते. तीनशे सभासद आणि एका संध्याकाळी दहा उत्तरं, म्हणजे तीन हजार ईमेल. स्वस्त शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेक साइटी दाटीवाटीने राहतात तिथे, तासाला किती ईमेल पाठवता येतील याची मर्यादा असते, ती दोन उत्तरांतच संपते. मग एक तर सूचना बंद करा, नाहीतर ईमेल पाठवण्याची वेगळी सेवा घ्या, म्हणजे तिसरं बिल.

तिसरी गोष्ट, तुम्ही चालवताय काय. चर्चेसाठीची सॉफ्टवेअर फुकट मिळतात, म्हणून खर्च शून्य असं वाटतं. पीएचपीबीबी हे २००० सालापासूनचं सॉफ्टवेअर सर्वांत स्वस्त शेअर्ड होस्टिंगवरही निमूटपणे चालतं. डिस्कोर्स दिसायला देखणं, तेही फुकट, पण त्याला किमान एक जीबी रॅमचा स्वतंत्र सर्व्हर लागतो, आणि तो सांभाळणारा माणूस. आमच्या समितीतल्या तरुणांना अर्थातच देखणं हवं होतं. ५,६६४ रुपयांत ते बसलं नसतं.

आणि होस्टिंगच्या जाहिरातीतला दर हा पहिल्या मुदतीचा असतो. तोही बहुधा तीन वर्षांचे पैसे एकदम भरले तर. दर महिन्याला ९९ रुपये असं ठळक अक्षरांत, खाली बारीक अक्षरांत नूतनीकरणाचा दर, दुप्पट-तिप्पट. बोहणीची गिऱ्हाइकी आपण ओळखतो, तीच ही. अनलिमिटेड लिहिलेलं असलं तरी फाइलींच्या संख्येवर आतून मर्यादा असते. एसएसएल प्रमाणपत्राचे (ब्राउझरमध्ये साइट सुरक्षित दिसते ती त्याच्यामुळे) वेगळे पैसे मागितले तर मात्र थांबायचं, लेट्स एन्क्रिप्ट ही सेवा ते २०१५ पासून फुकट देते.

आता महत्त्वाचं. आमचं डोमेन एका उत्साही सभासदाने त्याच्या ऑफिसच्या ईमेलवरून घेतलं होतं. त्याने नोकरी बदलली, ईमेल बंद झाला, मुदत संपत आल्याच्या सूचना त्या मेलेल्या पेटीत पडत राहिल्या. एका रविवारी साइट उघडेना. आम्ही दोन तास होस्टिंगवाल्यांच्या मदतकेंद्राशी भांडलो. पलीकडची मुलगी शांतपणे तेच ते सांगत होती : "सर, तुमचा सर्व्हर चालू आहे." ती खरं बोलत होती. होस्टिंगचे पैसे दोन वर्षांचे भरलेले, अकराशे फोटो जागच्या जागी, आणि तिथवर जायचा रस्ता गायब.

.कॉमची मुदत संपली की लगेच नाव जात नाही. आधी सवलतीचा काळ असतो, जास्तीत जास्त ४५ दिवसांचा. त्यात नेहमीच्या दराने सोडवता येतं, मात्र नेमके किती दिवस द्यायचे ते रजिस्ट्रार ठरवतो. मग ३० दिवसांची सोडवणूक, जिथे दंड बसतो. मग पाच दिवस खोळंबा, आणि नंतर नाव बाजारात. अशा नावांवर टपून बसणारे लोक असतात. आम्हाला त्या खात्यात शिरायलाच सहा आठवडे लागले. दंडासकट वर्षाच्या भाड्याच्या आठपट पैसे गेले. काकांनी ते किरकोळमध्ये न टाकता वहीत स्वतंत्र मथळा करून लिहिले : 'हलगर्जी'.

याउलट होस्टिंग. पुढच्याच वर्षी त्या कंपनीचा नूतनीकरणाचा दर पाहून आम्ही दुसरीकडे गेलो. फाइली आणि डेटाबेस उतरवून घेतले, नव्या जागी चढवले, मग डोमेनच्या खात्यात जाऊन नेमसर्व्हरच्या, म्हणजे हे नाव कुठे न्यायचं ते सांगणाऱ्या, दोन ओळी बदलल्या. डोमेन आणि होस्टिंग यांना बांधणारी गाठ ती एवढीच, दोन ओळींची, आणि तिला पैसे पडत नाहीत. शनिवारी रात्री सुरू केलं, रविवारी दुपारी सभासद भांडायला हजर. कुणाला कळलंही नाही. बॅकअप हाताशी असेल तर होस्टिंगवाला उद्या बुडाला तरी चालेल. डोमेनचा बॅकअप नावाची गोष्टच नसते.

होस्टिंगसोबत डोमेन मोफत या योजनेबद्दल माझं मत त्यामुळेच वाईट आहे. मोफत ते बहुधा पहिल्या वर्षापुरतं असतं, आणि दोन्ही चाव्या एकाच जुडग्यात जातात. भांडण झालं की दोन्हींसाठी हात पसरावे लागतात. नाव तिथून हलवता येतं, पण नोंदणीपासून पहिले ६० दिवस नाही, आणि एक गुप्त कोड मागून घ्यावा लागतो. आम्ही तो मागितला आणि डोमेन वेगळ्या रजिस्ट्रारकडे, मंडळाच्या स्वतःच्या ईमेलवर नेलं. त्या ईमेलचा पासवर्ड तिघांकडे आहे.

यंदाच्या बैठकीत काकांनी स्वतःहून ठराव मांडला : होस्टिंग वर्षावर्षाने भरायचं, घासाघीस करून. डोमेन एकदम दहा वर्षांचं. मंजूर झाला. नोंद करताना ते थोडे थांबले, मग पुढची दहा सालं एकाखाली एक लिहिली, शेवटच्या सालासमोर पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं आणि वही माझ्याकडे सरकवली. "तोवर हे कोण लिहिणार, ते ठरवून ठेवा रे."