ओळख आणि पाचारण: आघातानंतर होणारी एक गल्लत

अत्याचार, अपघात, युद्ध, जवळच्या माणसाचा अकाली मृत्यू. अशा आघातातून वाचलेल्याला दोन प्रश्न छळतात: मी आता कोण आहे? आणि कशासाठी जगायचं? ख्रिस्ती मंडळीत या दोन्हींवर बहुधा एकच उत्तर मिळतं: ‘देवाने तुला मोठ्या कामासाठी राखून ठेवलंय.’ सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो, ऐकणाऱ्याला उभारीही येते. पण हे उत्तर दुसऱ्या प्रश्नाचं आहे, आणि तेही घाईने दिलेलं. पहिला प्रश्न तसाच ठेवून माणूस कामाला लागतो.

ख्रिस्ती विश्वासात ओळख देवाकडून मिळते, आणि पाचारण म्हणजे देवाने बोलावून सोपवलेलं काम. ओळख कमावलेली नसते, त्यामुळे ती कामगिरीवर टिकत नाही की कामगिरी खालावली म्हणून जात नाही. पाचारण उशिरा येऊ शकतं, बदलतं, कधी खालीही ठेवावं लागतं. मार्कच्या शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रांपैकी एकात, येशूचा बाप्तिस्मा होतो तेव्हा त्याने अजून एकही प्रवचन दिलेलं नाही, कोणाला बरं केलेलं नाही. तरी आकाशवाणी होते की तू माझा प्रिय पुत्र आहेस आणि मी तुझ्यावर संतुष्ट आहे. काम नंतर सुरू होतं.

फरक सगळ्यात स्पष्ट दिसतो तो त्याच शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात. तिथे भूतांनी पछाडलेला एक माणूस थडग्यांमध्ये राहतो, रात्रंदिवस ओरडतो, दगडांनी स्वतःला ठेचून घेतो. येशू त्याला नाव विचारतो तेव्हा उत्तर येतं, सैन्य. कारण आम्ही पुष्कळ आहोत. त्याचं स्वतःचं नाव आपल्याला शेवटपर्यंत कळत नाही. जे त्याच्यावर कोसळलं तेच त्याच्या तोंडून बोलतंय. आघातातून गेलेल्या कित्येकांना ही अवस्था ओळखीची वाटेल. बरा झाल्यावर तो येशूसोबत जायची विनवणी करतो. येशू नाही म्हणतो आणि त्याला घरी, त्याच्या माणसांकडे पाठवतो. प्रभूने काय केलं ते त्यांना सांग, म्हणतो. हे पाचारण.

काही ओळींनंतर त्याच अध्यायात बारा वर्षं रक्तस्राव सोसलेली बाई येते. वैद्यांपायी होतं नव्हतं ते खर्चून बसली आहे, आणि दुखणं वाढतच गेलंय. ती गर्दीतून येऊन वस्त्राला हात लावते आणि बरी होते. येशू तिला ‘मुली’ म्हणतो, शांतीने जा म्हणतो. बस. कोणाला सांग, कुठे जा, असलं काही नाही. तिच्या वाट्याला फक्त ओळख आली आणि तेवढ्यावर तिची गोष्ट पूर्ण झाली. देवाने आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत सांगणं म्हणजे साक्ष; आपल्या साक्षीच्या सभांमध्ये पहिल्या माणसाला माईक मिळतो. या बाईचं काय करायचं हे आपल्याला अजून कळलेलं दिसत नाही.

दोन्ही गोष्टी किती वेगवेगळ्या वेळी येऊ शकतात ते पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात दिसतं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांनी आई, वडील आणि बहीण गमावली, १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि १८८९ मध्ये विधवांसाठी शारदा सदन सुरू केलं. जगाच्या हिशेबाने त्यांना आयुष्याचं प्रयोजन केव्हाच सापडलं होतं. तरी बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी आपल्याला काय उमगलं हे त्यांनी आपल्या साक्षीत लिहून ठेवलं आहे: ख्रिस्ती धर्म मिळाला होता, खुद्द ख्रिस्त मिळाला नव्हता. एवढं काम उभं केलेल्या बाईने हे कबूल करावं, याला धारिष्ट लागतं. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी उपाशी मुलींना आश्रय दिला. जिथे स्वतःची माणसं गेली, त्याच संकटात त्या इतरांसाठी उभ्या राहिल्या. पण माझ्या वाचनाप्रमाणे मधली ती आठ वर्षं वगळून ही गोष्ट सांगता येत नाही.

आता व्यवहारातली गल्लत. एखाद्याची ओळखच ‘अमुक प्रसंगातून वाचलेला सेवक’ अशी झाली, की बरं होणं त्याला अडचणीचं ठरू लागतं. साक्ष प्रभावी व्हायची तर जखम ओली हवी. दर सभेत ती पुन्हा उघडली जाते, टाळ्या मिळतात, आणि घरी परतल्यावर झोप लागत नाही. आजारपणाने किंवा थकव्याने सेवा थांबली तर तो नुसता रिकामा होत नाही, तो कोणीच उरत नाही. तुमच्या बाबतीत काय चाललंय हे पाहायचं असेल तर स्वतःला एवढंच विचारा: वर्षभर कोणी माझी गोष्ट ऐकायला मागितली नाही, तर देवापुढे माझी किंमत कमी होईल का? उत्तराआधी पोटात गोळा आला, तर गल्लत झालेली आहे.

उलटी चूकही असते. मी देवाचं लेकरू आहे एवढ्यावर थांबून कोणतीच जबाबदारी न घेणं. ती मला कमी धोक्याची वाटते. सावरणाऱ्याला विसावा लागतोच. बायबलमधला संदेष्टा एलीया मरण मागत झुडपाखाली आडवा झाला तेव्हा देवदूताने त्याला भाकर-पाणी दिलं आणि पुन्हा झोपू दिलं. नवं काम होरेब डोंगरावर, चाळीस दिवसांनी मिळालं.

मानसोपचाराचा अनुभवही याच्या विरोधात जात नाही. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ मध्ये सावरण्याचे तीन टप्पे मांडले: सुरक्षितता, आठवण आणि शोक, मग पुन्हा जोडलं जाणं. आघाताचं रूपांतर समाजकार्यात करणं त्या शेवटच्या टप्प्यात ठेवतात, आणि सगळेच त्या वाटेने जात नाहीत, बहुतेकजण आपल्या खासगी आयुष्यातच सावरतात, हेही सांगतात.

राहिला बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकातला योसेफ, कारण त्याचं वाक्य सगळ्यात जास्त वापरलं जातं: तुम्ही माझं वाईट योजलं, पण देवाने त्यातून चांगलं योजलं. भावांनी विकलं तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. उत्पत्तीतल्या वयांची बेरीज केली तर हे वाक्य तो छप्पन्नच्या सुमारास बोलतो. शिवाय ते तो स्वतः बोलतो, तेही अपराध करणाऱ्यांच्या तोंडावर. भावांनी खड्ड्यात टाकलेल्या सतरा वर्षांच्या मुलाला वरून कोणीतरी ते ऐकवलं असतं तर ती क्रूरता झाली असती. म्हणून पाळकांना एक विनंती: नुकत्याच आघातातून आलेल्या माणसाला पुढच्या महिन्यात साक्ष द्यायला बोलावू नका. त्याला मागच्या बाकावर बसू द्या, रडायचं तर रडू द्या, आणि दुःस्वप्नं थांबत नसतील तर चांगल्या समुपदेशकाकडे पाठवा.